रोड बाइकचा मागचा गिअर उशिरा का पडतो?

शिफ्टर, म्हणजे हॅन्डलवरचा गिअर बदलायचा दांडा, दाबला, बोटाखाली ‘टक्’ असे जाणवलेही, पण मागे चेन होती त्याच चक्रावर घुटमळत राहिली आणि पेडलाचे एक-दोन फेरे झाल्यावर खडखडत शेजारच्या चक्रावर गेली. रोड बाइक चालवणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव कधी ना कधी येतो. सपाट रस्त्यावर तो नुसता वैताग असतो, पण चढाला लागताना हवा असलेला हलका गिअर दोन सेकंद उशिरा पडला, तर तेवढ्यात पायातली लय तुटते आणि वेगही जातो. यावर सर्रास होणारा उपाय म्हणजे डिरेलरवर, म्हणजे चेन सरकवणाऱ्या मागच्या सांगाड्यावर, दिसेल तो स्क्रू थोडाथोडा फिरवून पाहणे. पाच मिनिटांत गिअर पहिल्यापेक्षा बिघडतात आणि कोणता स्क्रू किती फिरवला होता तेही आठवेनासे होते.

‘गिअर नीट पडत नाही’ हे वाक्य डॉक्टरांना ‘बरे वाटत नाही’ असे सांगण्यासारखे आहे. ते खरे असते, पण त्यावरून औषध देता येत नाही. गिअरच्या बाबतीत एक प्रश्न विचारला की निम्मे निदान तिथेच होते. उशीर कोणत्या दिशेने होतो, मोठ्या चक्राकडे जाताना की लहान चक्राकडे उतरताना? हा प्रश्न इतका महत्त्वाचा का, हे समजण्यासाठी यंत्रणेची थोडी ओळख करून घ्यावी लागेल.

ओढणारा एक, परत नेणारा दुसरा

मागच्या चाकाच्या मध्यभागी लहान-मोठ्या दातेरी चक्रांचा जो संच असतो त्याला कॅसेट म्हणतात. कॅसेटच्या खाली, दोन छोट्या पुल्या घेऊन लोंबणारा सांगाडा म्हणजे मागचा डिरेलर. चेन या दोन पुल्यांमधून वळसे घेत जाते. डिरेलर आत किंवा बाहेर सरकला की वरची पुली चेनला आपल्याबरोबर नेते आणि चेन शेजारच्या चक्रावर चढते किंवा उतरते. डिरेलरला हलवणारी असते सव्वा मिलिमीटरहून किंचित बारीक अशी पोलादी तार. तिचे एक टोक हॅन्डलवरच्या शिफ्टरमध्ये आणि दुसरे डिरेलरच्या नटाखाली आवळलेले असते. वाटेत जिथे तार वळते तिथे तिच्यावर एक कडक नळी असते. मेकॅनिक तिला आउटर म्हणतात आणि आपणही तेच म्हणू.

आता कळीची गोष्ट. तार ओढू शकते, ढकलू शकत नाही. म्हणून शिफ्टरने तार ओढली की डिरेलर आत, म्हणजे चाकाच्या बाजूला असलेल्या मोठ्या चक्रांकडे सरकतो. उलट दिशेने त्याला नेण्याचे काम शिफ्टर करतच नाही. तो फक्त तार ठरावीक मापाने सैल सोडतो आणि डिरेलरमधली स्प्रिंग सांगाड्याला लहान चक्रांकडे खेचून नेते. काही थोड्या डिरेलरांत ही मांडणी उलटी होती, पण रोड बाइकवर तसा नमुना आज भेटणे अवघड आहे.

स्प्रिंग लावलेले, आपोआप मिटणारे दार डोळ्यांसमोर आणा. बिजागरी गंजू लागली तर दार उघडताना ते आपल्या लक्षातही येत नाही, कारण हाताला जोर असतो. मिटण्याचे काम मात्र एकट्या स्प्रिंगचे असते आणि तिचा जोर बेताचा. म्हणून तेच दार मिटताना मध्येच थांबते. मागच्या डिरेलरचे अगदी असेच आहे. अंगठ्याचा किंवा बोटाचा जोर तारेतला अडथळा सहज झाकून टाकतो. स्प्रिंगला ते जमत नाही. तारेच्या वाटेत काही अडू लागले की पहिली कुरबुर जवळजवळ नेहमी लहान चक्रांकडे उतरताना सुरू होते.

अर्ध्या मिलिमीटरने एवढे काय बिघडते?

जुन्या सायकलींवर गिअरच्या दांड्याला टप्पे नसत. स्वार कानाने अंदाज घेत दांडा सरकवायचा, थोडा जास्त ओढायचा आणि खडखड थांबेपर्यंत मागे आणायचा. तारेत घर्षण असले तरी हात ते भरून काढत असे, त्यामुळे ‘गिअर बिघडला’ अशी तक्रार फारशी उद्भवत नसे. १९८४ साली सायकलचे सुटे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीने ड्युरा-एस या आपल्या वरच्या मालिकेत टप्प्याटप्प्याने पडणारे गिअर आणले आणि हळूहळू सगळ्याच रोड बाइकवर तीच पद्धत रुजली. त्यात एक ‘टक्’ म्हणजे तारेची एक ठरावीक लांबी. चेन योग्य चक्राखाली आली की नाही, हे शिफ्टरला कळत नाही. तो मोजून तार देतो आणि मोजून घेतो. ते माप मागच्या टोकापर्यंत जसेच्या तसे पोहोचेल यावर सगळी भिस्त असते.

हे माप किती नाजूक आहे, ते पाहा. आठ चक्रांच्या कॅसेटमध्ये एका चक्रापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर सुमारे ४.८ मिलिमीटर असते; अकरा चक्रांच्या कॅसेटमध्ये ते सुमारे ३.७ मिलिमीटरवर आलेले आहे. शिमानोच्या दहा चक्रांच्या रोड संचात एका टप्प्याला तार सुमारे २.३ मिलिमीटर ओढली जाते आणि डिरेलर त्याच्या १.७ पट, म्हणजे ३.९ मिलिमीटर सरकतो. याचा अर्थ असा, की तारेत कुठे अर्धा मिलिमीटर हरवला, तर मागे पुली ०.८५ मिलिमीटर चुकते, आणि हे अंतर दोन चक्रांमधल्या जागेच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त आहे. चेन अशा वेळी ना धड या चक्रावर बसते, ना धड त्या. चक्रांची संख्या वाढत गेली तशी चुकीला जागा कमी होत गेली, म्हणून आठ चक्रांची जुनी सायकल जे निमूट सोसत असे, त्यावरच बारा चक्रांची नवी सायकल अडून बसते.

मग उशीर कुठे होतो?

सायकल स्टँडवर लावा. स्टँड नसेल तर कोणाला तरी सीट धरून मागचे चाक उचलायला सांगा. हाताने पेडल फिरवत एकेक गिअर मोठ्या चक्राकडे चढवा आणि मग एकेक करून परत उतरवा. घाई करू नये, कारण ऐकायचे आहे ते नेमके या संथपणातच ऐकू येते.

चढताना चेन कुचंबत असेल आणि उतरताना मात्र चटकन, कधी कधी तर गरजेपेक्षा चटकन जात असेल, तर तार सैल पडली आहे. टप्पा पूर्ण होतो, पण सुरुवातीचा काही भाग सैलपणा गोळा करण्यातच संपतो. डिरेलरमध्ये जिथे आउटर शिरतो तिथे एक बोटाने फिरवायचा गोल नट असतो. त्याला ॲडजस्टर म्हणतात. काही सायकलींवर तो पुढच्या बाजूला फ्रेमवर किंवा तारेच्या मध्येच असतो. तो आउटरच्या बाजूने पाहत घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने पाव फेरा फिरवला की तार थोडी ताणली जाते. एका वेळी पावच फेरा, आणि प्रत्येक वेळी पुन्हा तपासणी. नवी तार टाकल्यानंतर पहिल्या काही दिवसांत हे हमखास करावे लागते. लोक याला ‘तार लांबली’ म्हणतात, पण पोलादी तार तेवढ्यात लांबत नाही. आउटरची टोके त्यांच्या खोबणीत नीट दाबून बसतात आणि तेवढा सैलपणा तारेच्या वाट्याला येतो.

उलट, चढताना सगळे ठीक आणि उतरताना उशीर, असे असेल तर दोन शक्यता राहतात. एक तर तार जास्त ताणलेली आहे किंवा तिच्या वाटेत अडथळा आहे. पहिली शक्यता पाव-अर्धा फेरा उलट फिरवून लगेच तपासता येते. त्याने उतरणे सुधारले आणि चढणेही शाबूत राहिले, तर काम झाले.

दोन्हीकडून रुसवा

बहुतेकांची दमछाक यापुढच्या प्रकारात होते. तार सैल केली की उतरणे सुधारते, पण चढणे बिघडते. पुन्हा ताणली की चढणे सुधारते आणि उतरणे अडते. ॲडजस्टर कुठेही ठेवला तरी एक बाजू रुसलेलीच राहते. अशा वेळी माणूस आणखी बारीक फेऱ्यांनी तो सुवर्णमध्य शोधत बसतो. तो सापडत नाही, कारण तो तिथे नसतोच. दोन्ही दिशांना एकाच वेळी खूश करणारी जागा ॲडजस्टरवर मिळत नसेल, तर दोष ताणात नसून घर्षणात आहे.

याची एक सोपी खूण आहे. कॅसेटच्या मधल्या एखाद्या चक्रावर एकदा लहान चक्राकडून चढून या आणि पेडल फिरवत आवाज ऐका. मग दोन चक्रे वर जाऊन त्याच चक्रावर मोठ्या चक्राकडून उतरून या. टप्पा तोच, चक्र तेच; तरीही एका वेळी चेन शांत आणि दुसऱ्या वेळी खरखरणारी असेल, तर डिरेलर दोन वेळा दोन वेगळ्या जागी थांबतो आहे. हे फक्त घर्षणाने किंवा सांध्यातल्या ढिलेपणाने घडते आणि ढिलेपणा डिरेलर हाताने हलवून पाहिला की लगेच कळतो.

पायजम्याच्या नेफ्यातून नाडी ओवताना हे सगळ्यांनी अनुभवलेले असते. नेफा सरळ असेल तर नाडी सरसर जाते. तो चुरगळलेला असेल तर इकडे ओढलेली वीतभर नाडी तिकडे चार बोटेच सरकते आणि उरलेली नेफ्याच्या चुण्यांत मुरते. तारेचेही तसेच होते. अडथळा आला की ताणातला फरक आउटर किंचित दाबला जाण्यात आणि तार किंचित ताणली जाण्यात मुरतो आणि मागे पोहोचणारे माप कमी-जास्त होते.

वळणांचा हिशेब तर आणखी धक्कादायक आहे. वळणावरून सरकणाऱ्या दोराचे घर्षण नुसत्या बेरजेने वाढत नाही, ते पटीत वाढते. शिफ्टरपासून डिरेलरपर्यंत तार सगळी मिळून एक पूर्ण वळसा, म्हणजे ३६० अंश वळते असे धरू. तार आणि आउटर यांच्यातला घर्षणांक ०.१ असेल, तर एका टोकाच्या ताणाच्या जवळजवळ १.९ पट ताण दुसऱ्या टोकाला लागतो. गंज आणि धूळ यांमुळे घर्षणांक दुप्पट, म्हणजे ०.२ झाला, तर हीच पट ३.५ वर जाते. चिमूटभर मातीने गिअर इतका का बिघडतो आणि आउटरचे एक अनावश्यक वळण किती महागात पडते, याचे उत्तर या आकड्यांत आहे. तारा हॅन्डलच्या आतून आणि फ्रेमच्या पोटातून नेणाऱ्या नव्या सायकली दिसतात देखण्या, पण वळणांच्या बाबतीत त्यांनी स्वतःचे काम अवघड करून घेतले आहे, असे माझे मत आहे.

अडथळा शोधण्याची युक्ती

सगळी तार एकदम बदलून टाकणे हा एक उपाय आहेच, पण दोष कुठल्या भागात आहे हे दोन मिनिटांत कळू शकते. ज्या सायकलींवर फ्रेमच्या खालच्या नळीलगत तार उघडी धावते, तिथे चेन मधल्या चक्रावर ठेवा, पेडल हाताने फिरवत राहा आणि ती उघडी तार दोन बोटांनी धरून नळीपासून दूर खेचा. डिरेलर आत सरकेल आणि चेन मोठ्या चक्रावर चढेल. आता तार सोडून द्या. चेन तत्काळ मूळ चक्रावर परत आली, तर तुमच्या बोटांपासून मागचा सगळा भाग निर्दोष आहे आणि अडथळा पुढे, म्हणजे हॅन्डलजवळच्या आउटरमध्ये किंवा शिफ्टरमध्ये आहे. चेन रेंगाळली, तर दोष मागे आहे.

मागच्या भागात संशयित तीनच. पहिला, पेडलांच्या आसाच्या खाली बसवलेला प्लॅस्टिकचा छोटा तुकडा, ज्याच्या खाचेतून तार वळते. सायकल उलटी केल्याशिवाय तो दिसत नाही, म्हणून वर्षानुवर्षे त्याच्याकडे कोणी पाहत नाही. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल, नळीवरून ओघळलेला घाम, बाटलीतून सांडलेले गोड पेय असे सगळे तिथे येऊन वाळते आणि खाचेत चिक्कीसारखा थर धरते. ओल्या फडक्याने तो पुसला, एवढ्यावरच गिअर पूर्ववत झालेले मी पाहिले आहेत.

दुसरा संशयित म्हणजे डिरेलरमध्ये शिरणारा आउटरचा शेवटचा वळसा. सायकलवरच्या सगळ्यांत तीव्र वळणांपैकी एक इथे असते आणि उघड्या तारेवरून निथळणारे पाणी याच तुकड्यात शिरून वळणाच्या तळाशी साचते. तो तपासण्यासाठी एक छान युक्ती आहे. चेन सर्वांत मोठ्या चक्रावर न्या, पेडल थांबवा आणि चाक न फिरवता शिफ्टर सर्वांत लहान चक्रापर्यंत सोडत जा. चेन जागची हलू शकत नाही, त्यामुळे तार सैल पडते आणि फ्रेमवरच्या खोबणीला चीर असेल तर आउटर हाताने बाहेर काढता येतो. मग तो तारेवरून पुढे सरकवा आणि आतापर्यंत झाकलेला तारेचा भाग पाहा. तार चकचकीत असेल तर ठीक. तपकिरी किंवा काळी, बोटाला खरखरीत लागत असेल तर तो तुकडा आणि तार दोन्ही बदला.

तिसरा संशयित स्वतः डिरेलर. तार नटातून सोडवून सांगाडा हाताने आत ढकला आणि सोडा. तो फटकन परत आला पाहिजे. आळसावल्यासारखा आला, तर त्याच्या चार सांध्यांत माती आहे. ते पुसून, प्रत्येक सांध्याला पातळ तेलाचा एकेक थेंब द्यावा. ज्यांच्या तारा फ्रेमच्या आतून जातात त्यांनी चाचणीची सुरुवात इथूनच करावी. तार सोडवल्यावर तिचे टोक पकडीने हलके ताणून धरावे आणि दुसऱ्या हाताने शिफ्टरचे टप्पे टाकावेत. तार गुळगुळीत येते-जाते की अडखळते, हे हाताला स्पष्ट कळते.

‘पण माझी तार तर चांगली दिसते’

दिसणारा भाग चांगला असतो, हे खरे. माझ्याच सायकलवर एका पावसाळ्यानंतर दर तीन-चार रपेटींनंतर ॲडजस्टर पाव फेरा ताणावा लागत होता आणि तोही नेहमी एकाच दिशेने. उघडी तार लखलखीत होती, आसाखालची खाच स्वच्छ होती, शेवटचा आउटर तर नुकताच बदललेला होता. दोन संध्याकाळी मी ॲडजस्टरशी झुंजण्यात घालवल्या. शेवटी शिफ्टरचे रबर मागे दुमडून, टॉर्चच्या उजेडात तार हळूच बाहेर ढकलली, तर तिच्या डोक्यापासून दोन बोटांवर तिचे तंतू झाडूच्या काड्यांसारखे पिंजारलेले होते. गिअरची तार साधारणपणे १९ बारीक तंतूंची वळलेली असते. त्यांतले सात-आठच शाबूत होते.

शिफ्टरच्या आत तार एका लहानशा चक्रीवर गुंडाळली जाते आणि प्रत्येक टप्प्याला त्याच जागी वाकते आणि सरळ होते. धातूची पट्टी सारखी मागे-पुढे वाकवली की तुटते, तोच हा प्रकार. एकेक तंतू तुटतो, उरलेल्यांवर भार वाढतो, तार थोडी लांबते आणि आपण ॲडजस्टर ताणतो. शिवाय तुटलेले टोकदार तंतू चक्रीच्या खाचेत अडकतात, म्हणून उतरणेही संथ होते. ॲडजस्टर वारंवार, एकाच दिशेने फिरवावा लागत असेल आणि तार नवी नसेल, तर सगळ्यांत आधी शिफ्टर उघडून पाहावा. कारण तार वाटेत तुटली तर स्प्रिंग डिरेलरला सर्वांत लहान चक्रावर नेऊन ठेवते, आणि घरापर्यंतचे सगळे चढ त्या सर्वांत जड गिअरवर चढावे लागतात. तारेचे तुटलेले डोके शिफ्टरच्या आत अडकून राहते, ते चिमट्याने काढायला आणखी एक संध्याकाळ जाते.

‘मग तेल सोडले की झाले, नाही का?’

तात्पुरते, हो. आउटरच्या तोंडाशी पातळ तेलाचे दोन थेंब सोडले तर महिनाभर निभावते. पण आजकालच्या आउटरमध्ये प्लॅस्टिकचे गुळगुळीत अस्तर असते आणि घट्ट तेल किंवा साधे ग्रीस त्यात धूळ धरून ठेवते. काही तारांवर निसरडा मुलामा असतो, तो झिजून त्याचे पापुद्रे आउटरमध्ये गोळा झाले तर तेलाने त्यांचा लगदा होतो. गंजलेल्या तारेला तेल पाजत बसण्यापेक्षा ती बदलावी.

तेलाचा खरा उपयोग आहे तो वेगळ्याच तक्रारीवर. शिफ्टर दाबला, पण बोटाला ‘टक्’ जाणवलेच नाही आणि दांडा रिकामाच हलला, असे होत असेल तर दोष तारेत नसतो. शिफ्टरच्या आतला खटका जुन्या, घट्ट झालेल्या ग्रीसमध्ये रुतून बसलेला असतो. तिथे आधी ग्रीस विरघळवणारा फवारा मारून खटका सुटेपर्यंत दांडा हलवत राहावा आणि मग नवे हलके वंगण द्यावे.

लिमिट स्क्रूंचे काय?

डिरेलरवर शेजारी शेजारी दिसणारे दोन बारीक स्क्रू म्हणजे लिमिट स्क्रू. डिरेलर कॅसेटच्या दोन टोकांपलीकडे जाऊ नये म्हणून घातलेली ती कुंपणे आहेत. मधल्या चक्रांवरच्या उशिराशी त्यांचा काडीचाही संबंध नसतो, तरी पहिला हात त्यांनाच लागतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, ते हेच. फक्त सर्वांत लहान किंवा फक्त सर्वांत मोठ्या चक्रावर चेन जात नसेल आणि बाकी सगळे ठीक असेल, तेव्हाच त्यांचा विचार करावा. आतल्या बाजूचा स्क्रू नको तितका सैल झाला तर चेन मोठे चक्र ओलांडून चाकाच्या स्पोकांत जाऊ शकते, आणि चालत्या सायकलवर ते धोक्याचे आहे.

तार निर्दोष निघाली तर

सायकल उजव्या बाजूला पडली होती का, हे आठवून पाहा. डिरेलर ज्या छोट्या पट्टीवर टांगलेला असतो तिला हँगर म्हणतात. फ्रेम वाचावी म्हणून बहुतेक सायकलींवर ती मुद्दाम मऊ ॲल्युमिनियमची आणि सुटी केलेली असते. नुसती भिंतीवर घसरून पडलेली सायकलही तिला वाकवू शकते. एक अंशाचा वाक म्हणजे दर ६० मिलिमीटर लांबीला सुमारे एक मिलिमीटर बाजूला सरकणे, आणि एक मिलिमीटर किती मोठा असतो ते आपण वर पाहिलेच. वाकलेल्या हँगरची खूण अशी, की कॅसेटच्या एका टोकाला गिअर सुरेख पडतात आणि दुसऱ्या टोकाकडे बिघडत जातात. मागून पाहिले तर दोन्ही पुल्या वरच्या चक्राच्या रेषेत, एकाखाली एक दिसायला हव्यात. डोळ्यांचा अंदाज पुरेसा नसतो. हँगरच्या आट्यांत बसवून चाकाच्या रिमपासूनचे अंतर चारही बाजूंना मोजणारे एक हत्यार मिळते. त्यात ४ मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो. डिरेलर हाताने धरून हँगर सरळ करण्याचा मोह टाळावा.

चेन झिजलेली असेल तर ती आडव्या अंगाला लवचीक होते, म्हणजे पुली सरकली तरी चेन चक्रावर चढण्याऐवजी नुसती वाकते. नव्या चेनच्या २४ कड्यांची लांबी ३०४.८ मिलिमीटर असते. दहा किंवा कमी चक्रांच्या संचात ती ०.७५ टक्के, म्हणजे सुमारे २.३ मिलिमीटर वाढली की चेन बदलावी. अकरा-बारा चक्रांच्या संचात अर्ध्या टक्क्यालाच, म्हणजे दीड मिलिमीटरला. आणखी एक बारकावा असा, की वरची पुली काही डिरेलरांत मुद्दामच किंचित डावी-उजवीकडे हलती ठेवलेली असते. तो दोष समजून कोणी ती बदलू नये, आणि धुताना दोन्ही पुल्यांची अदलाबदल होऊ देऊ नये. कॅसेट नुकतीच मोठी घेतली असेल, तर वरची पुली आणि सर्वांत मोठे चक्र यांच्यातले अंतरही तपासावे. ते रोड बाइकवर साधारण ५ ते ६ मिलिमीटर असते. जास्त असले की मधली चेन मोकळी राहते आणि गिअर आळसावतात.

सुटे भाग एकमेकांना साजेसे आहेत का, हाही प्रश्न आहेच. शिमानोचा दहाचा रोड शिफ्टर एका टप्प्याला सुमारे २.३ मिलिमीटर तार ओढतो, तर अकराचा सुमारे २.७. एकाचा शिफ्टर आणि दुसऱ्याचा डिरेलर जोडला तर जगातला कोणताही ॲडजस्टर त्यांचे जुळवू शकणार नाही. नटाखाली तार चुकीच्या बाजूने आवळली, तरी हेच प्रमाण बिघडते.

‘इलेक्ट्रॉनिक गिअर घेतले की ही कटकट संपेल?’

तारेची कटकट संपेल. २००९ मध्ये शिमानोचा पहिला डी-आय-टू संच आला आणि त्यात तारेच्या जागी विजेची जोडणी व डिरेलरमध्ये मोटर आली. मोटर दोन्ही दिशांना सारख्याच जोराने सरकते, त्यामुळे बिचाऱ्या स्प्रिंगवरचा भार उतरला. पण हँगर, चेन, पुल्या आणि कॅसेट त्याही सायकलवर जिथल्या तिथेच आहेत. वाकलेल्या हँगरवर बसवलेली मोटर अचूकपणे चुकीच्या जागी जाऊन थांबते.

आणि पाय?

स्टँडवर सगळे निर्दोष आणि रस्त्यावर, विशेषतः चढावर उशीर, असे असेल तर आधी स्वतःच्या पायांकडे पाहावे. आजच्या चक्रांच्या कडेला खास उतार आणि खाचा असतात. चेन त्या जागा आल्यावरच चढते किंवा उतरते, म्हणून टप्पा टाकल्यावर चक्राचा थोडा फेरा जाणे स्वाभाविक आहे. त्या क्षणी पेडलावर पूर्ण जोर असेल तर ताठ चेन तिथे बसण्याऐवजी कडकड करत घसरते. शिफ्टर दाबताना अर्ध्या फेऱ्यापुरता पाय हलका ठेवावा, पण फिरवणे थांबवू नये.

तार बदलायचीच ठरली तर

आउटर कापताना त्याच्या आतले अस्तर दबून तोंड बंद होते. ते टोचणीने पुन्हा गोल उघडावे आणि काप काटकोनात आहे ना, हे पाहावे. तिरपे टोक खोबणीत हळूहळू दबत राहते आणि गिअर रोज थोडे सरकतात. गिअरचा आउटर ब्रेकच्या आउटरहून वेगळा असतो. त्याच्या भिंतीतल्या तारा लांबीच्या दिशेने सरळ असतात म्हणून तो दबत नाही. ब्रेकचा गुंडाळलेला आउटर गिअरला वापरू नये. तसाच उभ्या तारांचा आउटर ब्रेकलाही लावू नये, कारण ब्रेकच्या जोरापुढे तो फुटू शकतो. हॅन्डल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून आउटर कुठे ताणला जात नाही ना, हे हॅन्डलवर टेप गुंडाळण्याआधी पाहावे. नंतर पाहिले तर टेप पुन्हा सोडावी लागते.

तार आवळताना चेन सर्वांत लहान चक्रावर, शिफ्टर पूर्ण सोडलेला आणि ॲडजस्टर आत फिरवून एखादा फेरा मोकळा ठेवलेला असावा. आवळल्यावर उघड्या तारेला दोन-चार वेळा बऱ्यापैकी हिसका द्यावा, म्हणजे आउटरची टोके लगेच बसतात. मग मधल्या चक्रावर खालून एकदा आणि वरून एकदा यावे, आणि दोन्ही वेळा चेन सारखीच गप्प राहीपर्यंत पाव-पाव फेऱ्याने ॲडजस्टर जुळवत जावे.